चार मिलिमीटरची साक्ष

झेब्राफिशच्या पिल्लांवर रक्त-मेंदू अडथळ्याचा अभ्यास करणं हा स्वस्तातला खेळ आहे, असं मत औषधशास्त्राच्या वर्तुळात अजूनही ठामपणे मांडलं जातं. मांडणी साधारण अशी असते: मासा थंड रक्ताचा. त्याचं पाच दिवसांचं पिल्लू जेमतेम चार मिलिमीटर लांब. त्याच्या मेंदूत आपल्यासारखे अ‍ॅस्ट्रोसाइट नाहीत, त्याचा अडथळा धड तयार झालेला नसतो, आणि त्याला औषध द्यायचं म्हणजे पाण्यात कालवून द्यायचं. एवढं सगळं असताना त्याच्यावरून माणसाच्या मेंदूत काय शिरेल याचं भाकीत करणारे लोक एक तर भाबडे, नाही तर चाचण्या विकणारे. त्यापेक्षा माणसाच्याच पेशी थाळीत वाढवा, किंवा सरळ उंदराकडे जा.

हा पूर्वपक्ष मी मुद्दाम त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला आहे. कारण त्यातला एक मुद्दा खरा आहे, आणि बाकीचे त्याच्या आडोशाने तगून आहेत. खऱ्याकडे येईनच, आधी आडोशाला उभे असलेल्यांची झडती घेऊ.

मुळात हा अडथळा कळला कसा? १८८५ साली पॉल एर्लिकने प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले. सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. एर्लिकने त्याचा अर्थ चुकीचा लावला. मेंदूच्या ऊतीला रंगाची ओढच नसावी, असं त्याला वाटलं. त्याच्याच शिष्याने, एडविन गोल्डमनने, १९१३ मध्ये ट्रिपॅन ब्लू हा रंग रक्ताऐवजी मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदूला रंग चढतो. रक्तातून तो येऊ दिला जात नाही. कोण येऊ देत नाही, हे कळायला १९६७ उजाडलं. थॉमस रीस आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी उंदराच्या रक्तात एक विकर सोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ते रक्तकेशिकेच्या अस्तरातच अडलेलं दिसलं. मेंदूतल्या केशिकांच्या एंडोथेलियल पेशी एकमेकींना घट्ट सांध्यांनी जोडलेल्या होत्या, आणि माल पोटात घेऊन पलीकडे नेणाऱ्या पुटिका त्यांच्यात फारच थोड्या होत्या.

या तिन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान आहे, आणि आक्षेपकर्त्यांनी ती विसरू नये. तिन्ही वेळा उत्तर मिळालं ते जिवंत प्राण्याच्या अंगात काहीतरी सोडून ते कुठवर पोचतं हे पाहिल्यावर. १९८१ मध्ये स्टुअर्ट आणि वायली यांनी याची आणखी पक्की खूण दिली. त्यांनी लाव्याच्या भ्रूणातल्या मेंदूचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणाच्या पोटात लावला. पोटातल्या रक्तवाहिन्या त्या तुकड्यात शिरल्या आणि मेंदूतल्या वाहिन्यांसारख्या बंदोबस्ताने वागू लागल्या. ही शिस्त पेशी जन्मतःच घेऊन येत नाही. मेंदू ती तिला लावतो, आणि मेंदूपासून दूर नेली की ती सुटत जाते. थाळीवाल्यांच्या युक्तिवादाचा पाया इथेच खचतो. पण त्यांच्याकडे नंतर.

आता थंड रक्ताचं बघू. १९८२ साली कोपनहेगनमध्ये क्रोन आणि ऑलेसन यांनी मेंदूवरच्या बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीचा विद्युतरोध थेट मोजला. आयनांना भिंत किती अडवते हे सांगणारा हा आकडा सरासरी १,८७० ओहम-चौरस सेंटिमीटर निघाला. अडथळ्याच्या अभ्यासात मापदंड म्हणून तो आजही दिला जातो. थाळीतल्या पेशींची भिंत किती ‘खरी’ हे ठरवताना त्याच्याशीच तुलना होते. तो बेडकाच्या वाहिनीवर मोजला होता. पुढे १९९० मध्ये मोठ्या पांढऱ्या उंदरात तशीच मोजणी झाली आणि आकडा दीड हजाराच्या आसपास, म्हणजे त्याच पट्टीत आला. बेडकाचा आकडा मापदंड म्हणून डोक्यावर घ्यायचा आणि माशाला मात्र थंड रक्ताचा म्हणून दारातून परतवायचं, हा कुठला न्याय?

मासे म्हणून सरसकट बोलण्यातही घोळ आहे. शार्क आणि पाकट यांच्यात मेंदूचा अडथळा ग्लिया पेशी धरतात, रक्तवाहिनीचं अस्तर नव्हे. कोणी पाकटावर औषधं तपासून माणसाबद्दल बोलू लागला असता, तर आक्षेपकर्त्यांच्या ओळीत मीही उभा राहिलो असतो. झेब्राफिश हाडांचा मासा आहे, आणि त्याचा अडथळा आपल्यासारखाच एंडोथेलियल पेशींचा आहे. सांधे घट्ट करणारं क्लॉडिन-५ हे प्रथिन त्याच्या मेंदूतल्या केशिकांत आहे. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवलं की तिसऱ्या दिवशी हे प्रथिन तिथे दिसू लागतं आणि मोठे रेणू अडू लागतात. केशिकांना ‘तुम्ही मेंदूत आहात’ हे कळवणारा डब्ल्यूएनटी संदेशमार्ग दोघांत एकच. त्या संदेशाला जीपीआर१२४ आणि रेक या दोन प्रथिनांची जोडी लागते, हे नीट उलगडण्यात झेब्राफिशच्या पिल्लांचा मोठा वाटा आहे.

सगळ्यात बोलका दाखला एमएफएसडी२ए या प्रथिनाचा. २०१४ मध्ये हार्वर्डमध्ये चेंगहुआ गू यांच्या प्रयोगशाळेने उंदरात दाखवलं की हे प्रथिन काढून घेतलं तर सांधे शाबूत राहतात, पण अस्तराच्या पेशींत पुटिका वाढतात आणि अडथळा गळू लागतो. २०१५ मध्ये त्याच जनुकात बिघाड असलेली मुलं सापडली: डोकं लहान राहिलेली, काही फार लवकर दगावलेली. २०१९ मध्ये गू यांच्याच प्रयोगशाळेतून, नताशा ओब्राउन यांच्या पुढाकाराने, झेब्राफिशचा निबंध आला. पिल्लाच्या रक्तात चमकणारे रंग टोचले आणि जिवंत मेंदूत ते कसे झिरपतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले. सुरुवातीच्या दिवसांत अस्तरात पुटिकांची रेलचेल होती. त्या कमी झाल्या तसा अडथळा बंद झाला. आणि एमएफएसडी२एचा माशातला भाऊबंद मोडला तेव्हा पुटिका पुन्हा वाढून गळती सुरू झाली. उंदीर, माणूस, मासा: एकाच जनुकाचं काम तिघांत त्याच दिशेने.

त्या निबंधातली आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने सहजासहजी दिसली नसती. रंग सगळा वेळ संथपणे झिरपत नव्हता. संथ झिरप होतीच, पण मधूनच एखाद्या ठिकाणी अचानक उसळीसारखी गळती होई आणि थांबे. उंदराचा मेंदू एका ठराविक क्षणी काढून त्याच्या चकत्या केल्या, तर त्यात डाग दिसतो. तो तासभर हळूहळू साचला की मिनिटभरात उसळला, हे चकती सांगत नाही. पिल्लू पारदर्शक असतं आणि तोच तो मेंदू पुन्हापुन्हा पाहता येतो, म्हणून ते कळलं. कवटीत काचेची खिडकी बसवून उंदराच्या मेंदूचा वरचा थर पाहता येतो, हे मला ठाऊक आहे. सगळा मेंदू, कवटीला हात न लावता, शंभर प्राण्यांत पाहायचा असेल तर मात्र उंदीर कामाचा नाही.

अ‍ॅस्ट्रोसाइटचा आक्षेप ऐकायला वजनदार वाटतो, कारण पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक चित्रात केशिकेला अ‍ॅस्ट्रोसाइटच्या पायांनी वेढलेलं दाखवतात. पण उंदराच्या भ्रूणात अडथळा पंधराव्या-सोळाव्या दिवशी बंद होतो, आणि तिथले अ‍ॅस्ट्रोसाइट मुख्यतः जन्मानंतर येतात. ज्या पेशी त्यावेळी हजर असतात त्या पेरिसाइट. अडथळा बांधताना आणि राखताना त्यांची गरज लागते हे २०१० मध्ये ‘नेचर’मधल्या दोन स्वतंत्र निबंधांनी दाखवलं, आणि पेरिसाइट झेब्राफिशमध्ये आहेत. भिंत बांधली जात असताना गवंडी हजर नव्हता म्हणून घर खोटं, असा हा आक्षेप आहे. आणि घर तर ज्याच्या नावावर तक्रार आहे त्याच्या आधीच उभं राहिलेलं. शिवाय माशात अ‍ॅस्ट्रोसाइट नसतातच हेही आता तितकं खरं राहिलेलं नाही: २०२० मध्ये झेब्राफिशच्या मज्जारज्जूत रचनेने आणि वागण्याने अ‍ॅस्ट्रोसाइटसारख्या पेशी जिवंतपणी टिपल्या गेल्या. प्रौढ मेंदूत अ‍ॅस्ट्रोसाइट अडथळ्याला काय जोडतात, हा वेगळा आणि चांगला प्रश्न आहे. तो ज्याला पडला आहे त्याने पिल्लाकडे जाऊ नये, एवढंच.

थाळीवाल्यांकडे वळतो. त्यांचं सगळं बळ ‘मानवी’ या एका विशेषणात आहे. माणसाच्या मेंदूतल्या केशिकांपासून घेतलेली आणि २००५ पासून जगभर वापरली जाणारी एक पेशीमालिका आहे, एचसीएमईसी/डी३. तिच्या थराचा विद्युतरोध बहुतेक प्रयोगशाळांत शंभर ओहमच्याही खाली राहतो. बेडकाचे १,८७० आठवा. लहान रेणू किती वेगाने ओलांडतात हे तपासायला असा थर अपुरा पडतो, हे त्याचे वापरकर्तेही मान्य करतात. मग २०१२ पासून मूलपेशींपासून मेंदूच्या अस्तराच्या पेशी बनवण्याच्या पद्धती आल्या. त्यांचा विद्युतरोध हजारोंच्या घरात गेला आणि क्षेत्रात आनंदीआनंद झाला. २०२१ मध्ये त्याच पेशींच्या जनुकीय ठशांचा कसून तपास झाला, तेव्हा निष्कर्ष निघाला की यातल्या बऱ्याच पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराच्या नाहीतच. त्या त्वचा-आतड्याच्या अस्तरासारख्या एपिथेलियल जातीच्या आहेत. घट्ट सांधे एपिथेलियल पेशींनाही जमतात, त्यामुळे आकडा उंच येत होता. पेशी मानवी होत्या यात शंका नाही. त्या मेंदूच्या केशिकेच्या नव्हत्या, एवढंच कमी पडलं. या क्षेत्राने त्यातून धडा घेतला आणि पद्धती सुधारल्या, हे त्यांच्या श्रेयाचं. पण ‘मानवी’ शब्द उच्चारला की वाद संपला, ही सवय तेव्हाच सुटायला हवी होती.

उंदराबद्दल थोडक्यात. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये पीएचपी.बी नावाचा विषाणूवाहक बनवला गेला. शिरेतून टोचला की तो उंदराच्या मेंदूत विलक्षण कार्यक्षमतेने शिरत होता; जनुकोपचाराच्या जगात त्यावर उड्या पडल्या. दोनेक वर्षांत लक्षात आलं की तो सी५७ब्लॅक/६ या जातीच्या उंदरात शिरतो, बाल्ब/सी जातीच्या उंदरात शिरत नाही. कारण सापडलं ते केशिकेवरच्या एलवाय६ए नावाच्या प्रथिनात. आणि ते प्रथिन माकडा-माणसांत नाही. म्हणजे उंदरावरचा निकाल माणसापर्यंत तर सोडाच, शेजारच्या पिंजऱ्यातल्या उंदरापर्यंतही पोचला नाही. आणि जे प्रथिन औषधं मेंदूतून परत रक्तात फेकतं ते पी-ग्लायकोप्रोटीन माणसाच्या केशिकांत उंदराच्या निम्म्याहून कमी असतं, हे २०११ मध्ये जपानी संशोधकांनी प्रथिनं थेट मोजून दाखवलं. त्यानंतर कोणी ‘मग उंदीर बंद करा’ म्हणाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. उंदराच्या उणिवा ध्यानात घेऊन उंदीर वापरायचा, आणि माशाच्या उणिवा दाखवून मासा फेकायचा: दोन प्राण्यांना दोन कायदे लावण्याचं कारण सवयीपलीकडे काही नाही.

पी-ग्लायकोप्रोटीनची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती पुढे लागणार आहे. १९९४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये आल्फ्रेड शिंकेल यांच्या गटाने हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. ते धडधाकट दिसत होते. मग पिंजऱ्यांत गोचिडीसारख्या किड्यांचा उपद्रव झाला म्हणून नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं, आणि हे उंदीर पटापट मेले. साध्या उंदराला काहीच न करणारं औषध त्यांच्या मेंदूत शिरलं होतं. २०२१ च्या मे महिन्यात गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली, तेव्हा कोविडवर त्याचा उपयोग काय यावर बराच वाद झाला. पण लाखो भारतीयांनी त्या काळात ही गोळी गिळूनही त्यांच्या मेंदूला धक्का का बसला नाही, हा प्रश्न कोणी विचारला नाही. उत्तर याच पहारेकऱ्यात आहे. झेब्राफिशकडे तो आहे का? आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवलं की माशातलं एबीसीबी४ हे प्रथिन मेंदूच्या केशिकांत बसतं आणि माणसाचं पी-ग्लायकोप्रोटीन जी औषधं बाहेर फेकतं, त्यातली बहुसंख्य तेही फेकतं. त्याचं दुसरं भावंड, एबीसीबी५, मुख्यतः आतड्यात असतं. एवढा तपशील हाताशी असताना ‘माशात ती यंत्रणा कुठे’ असं विचारणं म्हणजे वाचायचा कंटाळा.

आता खरा मुद्दा, आणि इथे माझ्या बाजूच्या लोकांनी कान टवकारावेत.

पाण्यात औषध टाकून पिल्लाच्या मेंदूत किती गेलं हे सांगणाऱ्या चाचण्या सर्रास वापरल्या जातात. पाण्यातला रेणू पिल्लाच्या अंगात जातो तो त्वचेतून, कल्ल्यांतून, आणि तोंड उघडल्यावर गिळून. ते रेणूच्या स्वभावावर अवलंबून असतं. तेलकट रेणू भराभर शिरतो, पाण्याशी मैत्री असलेला बाहेरच राहतो. मेंदूत काही सापडलं नाही, तर अडथळ्याने अडवलं की मुळात रक्तातच गेलं नाही, हे त्या चाचणीतून कळत नाही. आक्षेपकर्ते इथे शंभर टक्के बरोबर आहेत. उपाय उघड आहे: हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत बारीक काचेच्या सुईने नॅनोलीटरच्या मापात औषध टोचायचं, किंवा रक्तातलं प्रमाण प्रत्यक्ष मोजायचं. हे अशक्य नाही. नेदरलँड्समध्ये लायडनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पाच दिवसांच्या पिल्लांतून सरासरी एक नॅनोलीटरच्या आसपास रक्त काढून पॅरासिटामॉलचा प्रवास मोजून दाखवला. कष्टाचं काम आहे. म्हणूनच बहुतेक जण ते करत नाहीत.

दुसरी गोष्ट रक्ताचीच. झेब्राफिशमध्ये अल्ब्युमिनचं जनुकच नाही. आपल्या रक्तात असंख्य औषधं अल्ब्युमिनला चिकटून फिरतात आणि न चिकटलेला भागच मेंदूच्या दारात पोचतो. माशाच्या रक्तात हा हिशोब निराळा असणार. इव्हान्स ब्लू या जुन्या रंगाची तर सगळी मदार त्यावर आहे: तो अल्ब्युमिनला चिकटतो, म्हणून तो गळला म्हणजे मोठं प्रथिन गळलं, असं सस्तन प्राण्यांत मानायची पद्धत होती. तिथेही या समजुतीवर गेली काही वर्षं टीका होते आहे. माशात हा रंग टोचून तेच वाक्य लिहिणाऱ्याने निदान आपण कशाला चिकटलेला रंग पाहतो आहोत हे सांगावं.

आणि तिसरी गोष्ट वयाची. हीच मला सर्वांत जास्त खटकते, कारण इथे दोष पाण्याचा नाही, रक्ताचा नाही, सोयीचा आहे.

अडथळा तिसऱ्या दिवशी सुरू होतो, हे कोरियन निबंधाने दाखवलं. ओब्राउन यांच्या मोजणीत तो पाचव्या दिवसापर्यंत बंद होतो; मागचा मेंदू आधी, मधला मेंदू नंतर. केंब्रिजमधल्या अँजलीन फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात तो तिसऱ्यापासून दहाव्या दिवसापर्यंत घट्ट होत जातो. विरोधक म्हणतात, बघा, तुमच्यातच एकमत नाही. मतभेद दिसतो त्याहून कमी आहे. कोणी मोठा रेणू वापरला, कोणी लहान. मोठ्यासाठी दार आधी बंद होतं, लहानासाठी फट जास्त दिवस उरते. तिन्ही अभ्यास एकत्र वाचले की चित्र जुळतं. पण या वेळापत्रकाच्या शेजारी दुसरं एक वेळापत्रक ठेवा. युरोपीय संघाचा २०१० चा प्रयोगप्राणी कायदा, २०१०/६३, स्वतंत्रपणे अन्न खाऊ लागलेल्या माशाच्या पिल्लांना संरक्षण देतो. व्यवहारात झेब्राफिशसाठी ही रेषा पाच दिवसांवर धरली जाते. पाच दिवसांच्या आत परवानगीची कटकट नाही. साहजिकच मेंदूत औषध शिरतं का हे तपासणारे पुष्कळ प्रयोग तिसऱ्या, चौथ्या दिवशी उरकले जातात, नेमके तेव्हा, जेव्हा लहान रेणूंसाठी भिंत अजून ओली असते.

परिणाम विचित्र होतो. कोवळ्या वयामुळे जे शिरायला नको तेही शिरलेलं दिसतं. पाण्यातून दिल्यामुळे जे शिरायला हवं तेही आत दिसत नाही. दोन चुका उलट दिशांच्या आहेत, आणि कधीकधी त्या एकमेकींना भागवून टाकतात. मग ज्ञात औषधांच्या यादीशी ताळा बरा जमतो, आलेख सरळ येतो आणि चाचणी ‘प्रमाणित’ ठरते. अशा चाचणीवर विश्वास ठेवणाऱ्यांपेक्षा तिला हसणारे आक्षेपकर्ते मला अधिक जवळचे वाटतात.

पण यातून मासा निरुपयोगी ठरतो का? सराफ कसोटीच्या दगडावर सोनं घासतो तेव्हा त्याला कस कळतो, वजन कळत नाही. वजनासाठी तो तराजू काढतो. दगडाने वजन सांगितलं नाही म्हणून दगड फेकणारा सराफ पाहिला आहे कोणी? माणसाच्या मेंदूत अमुक औषध अमुक टक्के पोचेल, हा आकडा पिल्लू देणार नाही. थाळी देत नाही, उंदीरही खात्रीने देत नाही. पण अडथळा कसा घडतो, कोणत्या जनुकाने घडतो, कुठे फाटतो, फाटल्यावर मिटतो का, आणि दोनशे रेणूंपैकी कोणते पुढच्या महागड्या परीक्षेला पाठवण्याच्या लायकीचे आहेत: या प्रश्नांत पिल्लासारखी सोय दुसरीकडे नाही. एका जोडीची शे-दोनशे अंडी, सगळी एकाच दिवसाची. मेंदू उघडा दिसणारा. जनुक कापायला क्रिस्पर हाताशी. १९९६ मध्ये ट्युबिंगेन आणि बोस्टन इथल्या गटांनी हजारो उत्परिवर्ती पिल्लं तपासून विकासाची शेकडो जनुकं शोधून काढली, ती याच सोयीमुळे. २०१३ मध्ये झेब्राफिशचा संपूर्ण जनुकसंच छापला गेला तेव्हा मानवी जनुकांपैकी सुमारे ७० टक्क्यांचा किमान एक जोडीदार त्यात आढळला.

आपल्याकडे या वादाला आणखी एक बाजू आहे. हा मासा मूळचा इथला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिलेल्या ग्रंथात त्याची पहिली नोंद केली. भातखाचरांत, संथ ओढ्यांत तो आजही आहे. ओरेगनमध्ये जॉर्ज स्ट्राइसिंगरने १९८१ मध्ये त्याचे जनुकीयदृष्ट्या एकसारखे वंश बनवल्याचं छापलं आणि तो जगाच्या प्रयोगशाळांत गेला. मग परत आला. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये त्याच्या पिल्लाच्या त्वचेवर, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्या हृदयाच्या पुनर्निर्मितीवर काम होतं. मेंदूच्या अडथळ्याचा प्रश्न तर आपल्या घरचाच आहे. क्षयाचा मेंदूज्वर आपल्या रुग्णालयांत रोजचा. त्याच्या औषधांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड मेंदूभोवतीच्या द्रवात चांगली उतरतात, रिफाम्पिसिन फार कमी. क्षयाच्या जंतूचा जवळचा नातलग, मायकोबॅक्टेरियम मरीनम, माशांना निसर्गतःच ग्रासतो. नेदरलँड्समध्ये २०१४ साली पिल्लांत तो रक्तातून मेंदूत शिरून गाठी बनवताना पाहिला गेला. जंतू अडथळा कसा ओलांडतो आणि त्या वेळी भिंतीची काय अवस्था होते, हे जिवंत पाहण्याची सोय असताना आपण ती युरोपकडे सोडून द्यावी, याला मी तरी शहाणपण म्हणणार नाही. त्यासाठी लागणारं भांडवल उंदीरघराच्या मानाने किरकोळ आहे.

प्राण्यांना होणाऱ्या वेदनेचा मुद्दा मी टाळलेला नाही. तो वयाच्या मुद्द्यातच आहे. पाच दिवसांची रेषा ही पिल्लाच्या वेदनेबद्दल काही सांगते म्हणून ओढलेली असेल, तर तिचा मान राखा. पण तीच रेषा प्रयोग निरर्थक ठरवत असेल, तर अर्धवट भिंतीवर हजार पिल्लं खर्चणं हे सातव्या दिवसाच्या शंभर पिल्लांसाठी नैतिक समितीकडे रीतसर परवानगी मागण्यापेक्षा जास्त निर्दयपणाचं आहे.

म्हणून अनुदान-समित्यांवर आणि नियतकालिकांच्या परीक्षक-मंडळांवर बसणाऱ्या सुहृदांना विनंती. झेब्राफिशचा अडथळ्यावरचा निबंध पुढे आला की पिल्लाचं वय किती दिवसांचं होतं ते आधी विचारा. औषध पाण्यातून दिलं की शिरेतून, आणि पाण्यातून दिलं असेल तर रक्तात किती पोचलं ते मागा. न गळणारा मोठा रंग त्याच पिल्लात सोबत टोचला होता का, आणि पी-ग्लायकोप्रोटीन ज्यांना बाहेर फेकतं अशा ओळखीच्या औषधाचा निकाल काय आला, हेही पाहा. उत्तरं नसतील तर निबंध परत पाठवा. असतील, तर केवळ मासा आहे एवढ्या कारणावरून परत पाठवू नका.